त्रिपुरीची जत्रा आणि मिशीवाली मावशी

दिवाळीत बाईला सुट्टी नसते. फराळ, पाहुणे, ओवाळण्या, भाऊबीज, आणि हे सगळं उरकलं की डब्याच्या तळाशी राहिलेल्या चिवड्याचं करायचं काय, हा प्रश्न. त्यामुळे डोंबिवलीच्या आमच्या महिला मंडळाची दिवाळी सहल दिवाळीत कधीच निघत नाही. ती निघते कार्तिकी एकादशीला. "देव उठले, आता आपण निघू," असं अध्यक्ष काकू म्हणतात आणि त्यावर कुणाच्या घरून हरकत येत नाही, कारण देवाचं नाव मध्ये आलेलं असतं.

एरवी आमची सहल म्हणजे बस, बसमध्ये अंताक्षरी, आणि दर तासाला एक 'पॉइंट'. उतरा, फोटो काढा, चढा. यंदा भिशीच्या दिवशी अष्टविनायक की महाबळेश्वर यावर नेहमीची चर्चा सुरू झाली, तेव्हा बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या मावशी म्हणाल्या, "मला दशावतार बघायचाय. जत्रेतला, रात्रभर चालणारा. नाट्यगृहातला नको." या मावशी आमच्या हळदीकुंकवाच्या नाटकात वर्षानुवर्षं पुरुषपात्रं करतात. अफझलखानापासून हुंडा मागणाऱ्या सासऱ्यापर्यंत मंडळातल्या सगळ्या मिशा त्यांच्या नावावर आहेत. आता जिथे बायकांची सगळी पात्रं पुरुषच करतात, ते नाटक त्यांना बघायचं होतं. अध्यक्ष काकूंचं माहेर कुडाळपासून आत, आणि गावची जत्रा नेमकी त्रिपुरी पौर्णिमेला. ठरलं. एकच गाव, एकच घर, आणि तिथून जमेल तेवढंच फिरायचं. सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवण यादीतून खोडलं तेव्हा खजिनदार वहिनींनी चेहरा पाडला, पण हिशेब सोपा झाला म्हणून गप्प बसल्या.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. त्या सकाळी आठ वाजता तिघी जणी तीन फोन घेऊन बसल्या होत्या, म्हणून आम्हाला कोकणकन्येत एकाच डब्यात जागा मिळाली. सहलीचा नियम एकच होता: घरून "कुकरच्या शिट्ट्या किती?" असा फोन आला तर तो स्पीकरवर घ्यायचा, म्हणजे सगळ्या मिळून उत्तर देतील.

एकादशीची रात्र

ठाण्याला गाडीत चढलो तेव्हा मध्यरात्र व्हायला आली होती. निम्म्या जणींचा उपास, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याच्या फोडी आणि राजगिऱ्याच्या वड्या असे डबे निघाले. ज्यांचा उपास नव्हता त्यांनीही तेच खाल्लं. तळमजल्यावरच्या बेननी फराळी चेवडा आणला होता, तो पनवेल यायच्या आत संपला. मग झोप. रोह्यापासून पुढचा हा सगळा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाला. त्याआधी काकू माहेरी एसटीने जायच्या, मांडीवर मूल आणि पायाशी ट्रंक घेऊन. हे त्यांनी वरच्या बर्थवरून सांगितलं. खालच्या दोन बर्थवरून घोरण्याचं उत्तर आलं. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा कुणीच पाहिला नाही.

द्वादशी

सकाळी कुडाळ. स्टेशनबाहेर काकूंचे भाऊ गाडी घेऊन उभे होते. गावात शिरताना दोन्ही बाजूंना भात कापून झालेले मळे, उडव्या रचलेल्या, आणि मधूनच कुणाच्या तरी दारात शेणाने नुकतंच सारवलेलं खळं. काकूंचं घर जांभ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं, मागे पोफळी. काकूंच्या वहिनी दारात आल्या. त्यांना घरातली सगळी 'वयनी' म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो.

"इलात गे बायांनो? प्रवास बरो झालो मां? आदी पाय धुवा, मगे चाय."

पाय धुवायला दारात पाण्याची घागर आणि तांब्या ठेवलेला. आमच्या धाकटीला, म्हणजे मंडळात सर्वात नव्या आलेल्या सुनेला, हे इतकं आवडलं की ती दोनदा पाय धुवून आली.

द्वादशी म्हणजे उपासाचं पारणं, आणि पारण्याला वयनींनी शिरवाळे घातले होते. शिरवाळे खाणं एक आणि होताना बघणं दुसरं. तांदळाच्या पिठाची उकड काढून तिचे मुटके करायचे, ते उकळत्या पाण्यात सोडायचे, शिजले की गरमागरम लाकडी साच्यात घालायचे आणि वरून दाबायचं. खालून पांढऱ्या शुभ्र शेवया उतरतात. नारळाचं दूध, गूळ, वेलची घातलेल्या रसात बुडवून त्या खायच्या. गंमत अशी की मुटका निवला तर तो साच्यातून उतरत नाही, आणि गरम असला तर दाबणारीचा घाम निघतो. त्यामुळे साच्याला कायम दोघी लागतात, एक घालणारी आणि एक दाबणारी. सहलीत स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही असं आम्ही एकमेकींना बजावून आलो होतो. अर्ध्या तासात स्वयंपाकघरात उभं राहायला जागा उरली नव्हती. बेन पुढे झाल्या, पदर खोचला आणि एका दमात साचा रिकामा केला. "अमारे गाठिया आम ज करे छे," असं म्हणून त्यांनी वयनींकडे बघितलं. दोघींची भाषा एकमेकींना कळत नव्हती, पण त्या दिवसापासून बेनना त्या घरात खास मान मिळाला. मांसाहार न करणाऱ्या बेनचं कोकणात कसं होणार याची चिंता आम्ही उगाच वाहिली होती. जत्रा पार पडेपर्यंत त्या घरात मासळी शिजणार नव्हतीच. काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे, आंबोळ्या आणि सोलकढी यांवर बाकीच्यांनीही तक्रार केली नाही.

संध्याकाळी तुळशीचं लग्न. आमच्याकडे हे बाल्कनीतल्या कुंडीपुढे पाच मिनिटांत उरकतं. इथे वृंदावन चुन्याने आणि गेरूने रंगवलेलं, त्यावर उसाचा मांडव, आवळ्याच्या आणि चिंचेच्या डहाळ्या, आणि नवरदेव म्हणून तुळशीशेजारी रोवलेली दिंड्याची काठी. वाडीत भटजी एकच. त्यामुळे लग्न एका घरचं नसतं, वाडीचं असतं. एक घर झालं की सगळं वऱ्हाड पुढच्या घरी. भटजी घाईत, पोरं फटाक्यांच्या घाईत, आणि मध्ये मुंबईच्या बायका निवांत. डोंबिवली म्हणून कितीही सांगितलं तरी गावाला ती मुंबईच.

अंतरपाट धरायचा मान धाकटीला मिळाला. दुसऱ्या घरापासून मंगलाष्टकांचा ताबा मावशींनी घेतला. त्यांचा आवाज मुळात खर्जातला. "शुभमंगल सावधान" असं त्या म्हणाल्या आणि भटजींनी एकदा वळून पाहिलं. प्रत्येक घरी हातावर चुरमुरे, गूळ-खोबरं किंवा गोडे पोहे. शेवटच्या घरापर्यंत रुमाल भरले होते, आणि रात्री जेवायला बसलेल्यांपैकी कुणालाच भूक नव्हती. वयनी रागावल्या. रागावताना त्या जास्त वाढतात, हे नंतर लक्षात आलं.

त्रयोदशी

सावंतवाडी. मोती तलाव, त्याच्या काठचा राजवाडा, चितारआळी. सगळं चालण्याच्या अंतरात.

राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवणारे कारागीर बसतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. खेळ इराणकडून मोगलांबरोबर आला आणि इथे येऊन दशावतारी झाला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत पानं, असे बारा, म्हणून संच १२० पानांचा. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवं. छापखान्यातल्या स्वस्त पत्त्यांपुढे ही कला संपतच आली होती. सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात ती परत उभी केली. राणीसाहेबांनी ती स्वतः शिकून घेतली, हाताखाली कारागीर तयार केले.

आमच्यातल्या निम्म्या जणी दर गुरुवारी रमी खेळतात, त्यामुळे "सुंदर आहे हो" एवढ्यावर भागणार नव्हतं. खेळतात कसा, हे कळायला हवं होतं. तिथल्या ताईंनी शांतपणे समजावलं. दिवसा खेळायला बसलं तर रामाचा राजा ज्याच्या हातात आला त्याने सुरुवात करायची, रात्री बसलं तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. अर्ध्या रंगांमध्ये दश्शी मोठी, आणि उरलेल्या अर्ध्यांत उलट, एक्का मोठा. हे ऐकून खजिनदार वहिनी म्हणाल्या, "म्हणजे कुठल्या घरात कोण मोठं हे लक्षात ठेवायचं. मग हा बायकांचाच खेळ." पूर्ण हाताने रंगवलेला संच आमच्या भिशीच्या आवाक्याबाहेर होता. पण केसांच्या चार तंतूंएवढ्या कुंचल्याने नरसिंहाची आयाळ रंगवणाऱ्या मुलीजवळ आम्ही बराच वेळ उभ्या होतो. ती एकदाही मान वर करत नव्हती. तिला काही विचारावं असं कुणाला वाटलं नाही, आणि आमच्या मंडळात ही घटना दुर्मीळ आहे.

चितारआळीत मात्र तोंडं सुटली. लाकडी फळं, भातुकली, पाट, पोळपाट-लाटणं, रुखवताचं सामान. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, म्हणून फळं त्याची होतात. लाकूड यंत्रावर गरगर फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला धरते. कारागिराच्या हातात काही सेकंदांत पांढरा लट्टू लाल झाला, तेव्हा "आमच्या नेलपॉलिशला एवढा वेळ लागतो," असं कुणीतरी मागून म्हणालं. ज्या दुकानात सगळ्यात कमी घासाघीस झाली, तिथेच सगळ्यात जास्त खरेदी झाली. याचं कारण माझ्या मते एवढंच, की तिथल्या आजीने बसायला पाट दिले.

तलावाला फेरी मारून परत. वाटेत एका ठिकाणी चहा घेतला, तो लक्षात ठेवण्यासारखा नव्हता.

चतुर्दशी

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बायका कांदळवनाची सफर घडवतात. 'स्वामिनी' हा त्यांचा बचत गट. मासे विकणाऱ्या कुटुंबांतल्या या बायका. होड्या त्यांच्या, वल्ही त्यांच्या हातात, आणि माहिती सांगणाऱ्याही त्याच. पौर्णिमा उद्यावर आलेली, म्हणजे उधाणाची भरती. होडी आतपर्यंत जाईल अशा वेळेला, सकाळी लवकर या, असं त्यांनी आधीच कळवलं होतं.

पोहता येणाऱ्या आमच्यात दोघी. लाइफ जॅकेट चढवताना पदर आत घ्यायचा की बाहेर, यावर जेट्टीवर दहा मिनिटं गेली. होडीवाल्या ताई हसून बघत होत्या. शेवटी त्यांनीच एकेकीला धरून पट्टे आवळले आणि होडीत उतरवलं.

खाडी शांत. सुरुवातीला आम्ही फोटो काढत होतो, मग ताईंनी वल्हं थांबवलं आणि तिवराचं एक पान तोडून धाकटीच्या हातात दिलं. "मागून चाटून बघ." खारट! खाऱ्या पाण्यात उभं राहणारं हे झाड जादाचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. त्याची मुळं चिखलातून वर उभी राहतात, पेन्सिली रोवल्यासारखी, कारण चिखलात हवा नसते, श्वास वरून घ्यायचा असतो. कांदळाची तऱ्हा वेगळी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, शेंगेसारखं लांब वाढतं आणि मग खाली पडून चिखलात घुसतं. "आमी पोरांक शिकवून सवरून घराभायर धाडतो ना, तसा," असं ताई म्हणाल्या. हे उदाहरण त्या रोज देत असणार, पण होडीत बसलेल्या सगळ्याच आया होत्या, लागू पडलं.

पूर्वी ही झाडं ओळखता येत नसत, सरपण म्हणून तोडली जायची, हेही त्यांनी सांगितलं. आता त्याच बायका चिखलात उतरून रोपं लावतात. एक खंड्या होडीच्या पुढे पुढे उडत राहिला, दर वळणावर थांबून आम्हाला वाट दाखवत असल्यासारखा. चिखलावरचे लाल नांगीचे खेकडे होडीची चाहूल लागताच एकसाथ बिळात जात.

मंडळ चालवणं आणि बचत गट चालवणं यात फरक आहे, हे परतताना जाणवलं. आमच्या सभेत कोरम भरला नाही तर पुढच्या आठवड्यात सभा होते. त्यांची होडी भरतीच्या वेळेला निघाली नाही तर त्या दिवसाचा धंदा बुडतो. अध्यक्ष काकूंनी त्यांच्या गटाच्या हिशेबाची वही बघायला मागितली. त्यांनी ती आनंदाने दाखवली. खजिनदार वहिनी मग बराच वेळ गप्प होत्या. त्यांची वही एवढी नीटनेटकी नाही.

दुपारी शिरोडा. १९३० मध्ये इथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, तो इतिहास मावशींनी गाडीतच सांगितला. वि. स. खांडेकर इथे शाळेत शिकवायचे हेही. मग समोर समुद्र आणि सुरूचं बन दिसलं आणि इतिहास गाडीत राहिला. वाळूवर झिम्मा, फुगडी, बसफुगडी. ओल्या वाळूवर फुगडी घालणं फरशीवरच्यापेक्षा सोपं, पाय घसरत नाही, पण थांबल्यावर खड्डा पडलेला असतो. साठी ओलांडलेल्या दोघींनी कोंबडा घातला. त्यांच्या गुडघ्यांविषयी पुढचे दोन दिवस वैद्यकीय माहिती मिळत राहिली.

त्रिपुरी पौर्णिमा

सकाळ पिंगुळीत. कुडाळजवळच्या या गावातला ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करतो. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं, जुन्या पोथ्या आणि बाहुल्या तिथे मांडल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांची चळत. एक चित्र पुढे, त्यावरची कथा गाऊन झाली की ते मागे, दुसरं पुढे. रामायणातला प्रसंग ऐकताना आमच्यातल्या एका आजी डोळे पुसत होत्या. चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागून उजेडात नाचवल्या तेव्हा मात्र बेन ओरडल्या, "सिनेमा!" दोऱ्या हातात घेऊन बघायची परवानगी मिळाली. धाकटीच्या हातातली बाहुली जागीच कोलमडली. शिकवणाऱ्या दादांच्या हातात तीच बाहुली मान वळवून तिच्याकडे बघू लागली.

दुपारी सक्तीची झोप. "रात्री जागूचा आसा, आता निजा," असा वयनींचा हुकूम होता.

दिवेलागणीला देवळात. दीपमाळ पेटलेली, पायरीपायरीवर पणत्या, देवळाच्या कौलांच्या कडेने विजेच्या माळा. बाहेर खाजं, खडखडे लाडू, बांगड्या, प्लॅस्टिकची खेळणी आणि कांदाभजी यांची दुकानं. जत्रेचं खाजं म्हणजे बेसनाच्या काड्या आल्याच्या गुळात घोळवलेल्या. दात मजबूत असतील तरच. देवीची ओटी भरायला बायकांची ही रांग. ताटात खण, नारळ, तांदूळ, ओटीचं सामान. रांगेत पुढच्या-मागच्यांशी ओळखी झाल्या. कुणाची कुठे मुलगी दिली, तिचं कसं चाललंय, हे नारळ पोचायच्या आत कळलं.

मग गाऱ्हाणं. मानकरी नारळ हातात घेऊन देवापुढे उभे राहिले आणि त्यांनी आमच्या वतीने सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळा सभामंडप.

"आज ह्या मुंबयसून इलेल्या चेडवांनी तुझ्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा..."

"होय म्हाराजा!"

साठीतल्या बायकांना कुणी चेडवं, म्हणजे मुली, म्हणाल्यावर आमची रांग फुलली. एवढ्यात अध्यक्ष काकू भावाच्या कानाशी लागल्या, भाऊ मानकऱ्यांच्या कानाशी. गाऱ्हाणं क्षणभर थांबलं आणि पुढे सरकलं:

"...तेंच्या घरादाराक, पोराटोरांक सुखी ठेव. आणि तेंची जी काय बिल्डिंग अडकान रवली आसा, ती सोडव. कोण वाकड्या वाटेन जाता आसात, तर तेका सरळ वाटेर हाड!"

"होय म्हाराजा!" यावेळी आमचा आवाज सगळ्यात मोठा. पुनर्विकासाचं आमचं प्रकरण किती वर्षं पडून आहे हे सांगत बसत नाही. ते आता योग्य कार्यालयात दाखल झालंय.

पालखी देवळाभोवती फिरली, भजनं झाली, आणि मध्यरात्रीच्या सुमारास दशावतारी मंडळी देवळाच्या बाजूच्या खोपीत तयारीला बसली. त्यांचा पेटारा आधीच येऊन पोचला होता. एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत तो डोक्यावर घेऊन रात्रीच्या रात्री चालत जायची पूर्वीची पद्धत. आता टेम्पो आहे, पण पेटाऱ्यातल्या गणपतीची पूजा झाल्याशिवाय आजही कुणी तोंडाला रंग लावत नाही.

काकूंच्या भावाने विचारलं आणि आम्हाला रंगपटात डोकवायला मिळालं. सगळ्या नाही, चारपाच जणींनाच. मावशी अर्थात पुढे. आत सतरंजीवर पुरुष मांडी घालून बसलेले, प्रत्येकापुढे छोटा आरसा, आणि जो तो आपली रंगभूषा आपणच करतोय. दिवसा रिक्षा चालवणारा एक तिशीतला दादा राणी होत होता. चेहरा पूर्ण झालेला, कुंकू, नथ, गजरा. आता नऊवारी. निऱ्या त्याने ज्या सफाईने काढल्या, ते बघून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. माझ्या लग्नात मला नऊवारी नेसवायला तीन बायका लागल्या होत्या.

"बाय, तुमच्याकडे दोन पिना गावतीत काय?" त्याने आरशातूनच विचारलं.

सात जणींच्या पर्सा उघडल्या, म्हणजे बाहेर उभ्या असलेल्यांच्यासुद्धा. पदर खांद्यावर असा बसवायचा की तलवार फिरवताना सुटला नाही पाहिजे, हे त्याने धाकटीला करून दाखवलं. मग मावशी म्हणाल्या, "दादा, तुम्ही बाई होता, मी मिशी लावून पुरुष होते." त्याने पहिल्यांदा मान वळवून पाहिलं.

"गम खयचो वापरतास?"

पुढची दहा मिनिटं दोन कलावंत आपसांत बोलत होते आणि आम्ही कुणीच नव्हतो. कुठल्या गमाने ओठ भाजतो, घाम आल्यावर मिशी कशी धरून ठेवायची, खोबरेल लावून ती हळूच कशी काढायची. मावशींनी विचारलं, आवाजाचं काय करता? तो म्हणाला, "बाई होवक आवाज बारीक करूचो नाय, चाल बदलूची. आवाज मगे आपोआप येता." मावशी थोडा वेळ विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं उलट चुकतंय. मी आवाज चढवते, आणि चालते बँकेत चालायचे तशीच." बाहेरून पायपेटी आणि मृदंग सुरू झाला, तेव्हा कुठे आम्हाला हाकललं.

सुरुवातीला आडदशावतार. गणपती आला, रिद्धी-सिद्धी आल्या, सरस्वती आली, आणि मग काळ्या वेषातला संकासुर, ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा. तो मालवणीत बोलतो आणि प्रेक्षकांतल्या कुणालाही सोडत नाही. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, बाकी बोलणं तिथल्या तिथे. संकासुराने आमच्या सतरंजीकडे बोट दाखवलं. "वेद झाले चोरून! आता डोंबिवलीक जातंय, बिल्डिंगीचे कागद चोरूक!" अख्खी जत्रा आमच्याकडे वळून हसली. गाऱ्हाणं त्याने बाहेरून ऐकलं होतं.

मग आख्यान. राजा, दोन राण्या, कपटी प्रधान, वनवास, शाप. आमचा रिक्षावाला दादा धाकटी राणी. प्रवेशाला तो नुसता चालत आला, झांजेच्या ठेक्यावर, आणि तोपर्यंत खाजं चावत असलेली मंडळी थांबली. एकदा त्याने पुत्रवियोगाचं पद म्हटलं तेव्हा मागच्या बाकावर एक म्हातारा मोठ्याने हुंदका देऊन रडला. आमच्यातल्या दोघी-तिघींना पहाटे तीनला डुलक्या लागल्या, वयनी चहाची किटली फिरवत होत्या. युद्धाला मात्र सगळ्या जाग्या. लाकडी तलवारी, गिरक्या, मृदंगाचा कडकडाट, आणि राणीचा पदर एका सूतभरही हलला नाही. आमच्या पिना!

प्रतिपदा

उजाडताना दहीकाला. हंडी फुटली, दही-पोहे हातावर आले. राणी आता लुंगीत, कपाळावर कुंकवाचा डाग तेवढा राहिलेला. त्याने पिना मोजून परत दिल्या. मावशींनी घेतल्या नाहीत.

घरी येऊन अंघोळ, घावणे, आणि धावतपळत कुडाळ स्टेशन. वयनींनी प्रत्येकीच्या पिशवीत कोकमं आणि एकेक शहाळं घातलं. शहाळी रेल्वेत फोडायची कशी, याचा विचार त्यांच्या किंवा आमच्या मनात आला नाही. बेनना वेगळी पिशवी होती, त्यात शिरवाळ्याचा जुना साचा.

मांडवी एक्स्प्रेसमध्ये रत्नागिरीपर्यंत सगळ्या मेल्यासारख्या झोपल्या. पानवलचा ६४ मीटर उंच पूल आला तेव्हा मी धाकटीला उठवलं. तिने खाली बघितलं, देवाचं नाव घेतलं आणि परत झोपली. करबुड्याचा बोगदा परतीलाही कुणी पाहिला नाही.

चिपळूणनंतर जाग आली ती मावशींमुळे. त्यांनी जाहीर केलं की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा नाटकाची संहिता नसेल. आख्यान ठरवायचं, बोलायचं तिथल्या तिथे. डब्यात गदारोळ झाला. पाठांतराशिवाय स्टेजवर उभं राहणार कोण? मध्येच कुणी गप्प झालं तर? "तर संकासुर आणू," मावशी म्हणाल्या. "तो मी करीन. सोसायटीच्या कमिटीला काय काय बोलायचं ते माझ्याकडे जमलेलं आहे." त्यावर कमिटीत नवरा असलेल्या दोघींनी विरोध नोंदवला, आणि बाकीच्यांनी त्याच कारणासाठी पाठिंबा दिला. पनवेलला वडे आले तरी वाद चालूच होता. खजिनदार वहिनी एका बाजूला बसून खर्च लिहीत होत्या, वही या वेळी पट्टीने रेघा मारलेली. ठाणं यायच्या आधी त्यांनी पेन वर केलं.

"तुमचं काय ठरायचं ते ठरू दे. संहिता नसेल तर झेरॉक्सचा खर्च वाचला, तेवढं मी लिहून घेते."